इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ आणि वांकिडीचा मराठी विद्यार्थी

मंचेरियाल-आसिफाबादकडून चंद्रपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राची हद्द लागण्यापूर्वी, वांकिडी हे मंडलाचे गाव लागते. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि २०१६ पासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. ज्या मुलुखात घरी मराठी किंवा गोंडी, कचेरीत तेलुगू आणि निजामी अमदानीतील जुन्या दस्तऐवजांत उर्दू अशी भाषांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या मुलुखात इंग्रजी ही विद्यार्थ्याच्या वाट्याला तिसरी, चौथी, प्रसंगी पाचवी भाषा म्हणून येते. आणि तेलंगणाच्या सरकारी शाळांतून २०२२-२३ पासून इंग्रजी माध्यम सुरू झाल्यामुळे तिचे महत्त्व आता एका विषयापुरते उरलेले नाही. अशा बहुभाषी प्रदेशातील मुलाची बुद्धी भाषेच्या बाबतीत मंद असणे शक्यच नाही. तरीही इंग्रजीतील दोन क्रियारूपांपाशी, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ आणि अखंड पूर्ण वर्तमानकाळ यांच्यापाशी, तो हटकून अडखळतो. त्या अडखळण्याची कारणे त्याच्या आळसात नसून त्याच्या मातृभाषेच्या घडणीत आहेत, आणि ती एकदा नीट उमगली म्हणजे अडचण बव्हंशी दूर होते, असे माझे मत आहे.

नोकरीच्या अर्जाचा नमुना घेऊ. शिक्षकाच्या जागेसाठी लिहिलेल्या अर्जात ‘आय हॅव पास्ड एस.एस.सी. इन २०१२’ आणि त्याखाली ‘आय ॲम टीचिंग इन धिस स्कूल सिन्स थ्री इयर्स’ अशी दोन वाक्ये आपल्याकडे इतक्या सर्रास आढळतात की, ती चुकीची आहेत हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. पहिल्या वाक्यात पूर्ण वर्तमानकाळ नको तेथे आला आहे, दुसऱ्यात तो हवा तेथे आलेला नाही. शुद्ध रूपे ‘आय पास्ड एस.एस.सी. इन २०१२’ आणि ‘आय हॅव बीन टीचिंग इन धिस स्कूल फॉर थ्री इयर्स’ अशी होतील. वरवर पाहता एक चूक दुसरीच्या अगदी उलट दिसते. वस्तुतः दोन्ही एकाच मुळातून निघाल्या आहेत: अर्जदाराने मराठी वाक्य मनात धरले आणि त्यातील ‘आहे’ व ‘पासून’ ही दोन पदे जशीच्या तशी इंग्रजीत नेली.

मराठीचा ‘आहे’ फार उदार आहे. ‘मी दहावी २०१२ साली पास झालो आहे’, ‘पाहुणे कालच आले आहेत’, ‘ही विहीर आजोबांनी दुष्काळाच्या वर्षी खोदली आहे’ ही वाक्ये कोणाही मराठी माणसाला खटकणार नाहीत. घटनेची तारीख सांगायची आणि तिचा परिणाम आजही शिल्लक आहे हेही त्याच दमात सांगायचे, ही सोय आपल्या भाषेने आपल्याला दिली आहे. उलट, ज्या ठिकाणी इंग्रज माणूस पूर्ण वर्तमान आवश्यक मानतो त्या ठिकाणी आपण बेधडक साधा भूतकाळ वापरतो: ‘जेवलास का?’ ‘हो, जेवलो.’ येथे जेवणाची वेळ कोणी विचारीत नाही, पोट भरले की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि इंग्रजीत त्याला ‘हॅव यू ईटन?’ असेच विचारावे लागेल. तेलुगू तर या बाबतीत आणखी मोकळी आहे. नित्याच्या बोलण्यात ‘वच्चाडु’ या एकाच रूपात ‘तो आला’ आणि ‘तो आला आहे’ हे दोन्ही अर्थ सामावतात. म्हणजे वांकिडीच्या मुलाला घरची भाषा एक शिथिल भेद शिकवते आणि शेजारची भाषा तोही भेद पुसून टाकते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आपल्या व्याकरणकारांनी मराठी क्रियापदाची बारकाईने चिकित्सा केली, परंतु शाळेतील इंग्रजीच्या तासाला त्या चिकित्सेचा उपयोग फारसा होत नाही आणि ‘केले आहे म्हणजे हॅव डन’ एवढ्या समीकरणावर मुलाची बोळवण होते.

इंग्रजीचे तत्त्व काय आहे? इंग्रजी पूर्ण वर्तमान हा नावाप्रमाणेच वर्तमानकाळ आहे, भूतकाळाचा पोटभेद नव्हे. बोलणारा जेव्हा ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणतो, तेव्हा तो किल्ली हरवण्याचा इतिहास सांगत नसतो, आपल्याजवळ या क्षणी किल्ली नाही ही सद्यःस्थिती सांगत असतो. जमिनीच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा भेद चटकन समजेल. फेरफाराच्या नोंदीत अमुक तारखेला अमुकाने अमुकाला जमीन विकली असे लिहिलेले असते, आणि पहाणीतील कब्जेदाराच्या रकान्यात आज ती जमीन कोणाच्या ताब्यात आहे तेवढेच असते. पहिली नोंद तारखेवाचून निरर्थक, दुसरीत खरेदीच्या तारखेला स्थान नाही. इंग्रजीतील साधा भूतकाळ फेरफाराच्या जागी आहे आणि पूर्ण वर्तमान पहाणीच्या. म्हणूनच ‘यस्टरडे’, ‘इन २०१२’, ‘लास्ट मंडे’, ‘टू इयर्स अगो’ असे घटनेला भूतकाळात खिळवून टाकणारे कोणतेही पद पूर्ण वर्तमानाशेजारी नांदत नाही. परिणाम आज कितीही ठळकपणे समोर उभा असला तरी तारीख आली की साधा भूतकाळ आलाच.

या परिसराच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि उलट दिशेने नांदेड जिल्ह्यातील मुधोळ-भैंशाचा भाग आदिलाबादेत आला. त्या एका दिवसाच्या निर्णयाने वांकिडी सीमेच्या एका बाजूस आणि राजुरा दुसऱ्या बाजूस राहिले, आणि त्याचे परिणाम शाळा, कचेऱ्या, सोयरीक या सर्वांवर आजही होत आहेत. तरीही इंग्रजीत ‘राजुरा हॅज गॉन टू बॉम्बे स्टेट इन १९५६’ म्हणता येत नाही. ‘राजुरा वेंट टू बॉम्बे स्टेट इन १९५६’ असेच म्हणावे लागते. मात्र तोच विद्यार्थी जर ‘राजुरा हॅज बीन इन महाराष्ट्र सिन्स १९६०’ असे लिहील तर ते वाक्य निर्दोष आहे, कारण येथे १९६० हे साल घटनेचा मुक्काम सांगत नाही, आजपर्यंत चालत आलेल्या स्थितीचा आरंभ सांगते. साल दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ते कुलूप आहे, दुसऱ्या ठिकाणी उंबरठा. विद्यार्थ्याने या दोन वाक्यांवर वेळ घालवला तर तो वाया जाणार नाही.

‘हॅव’ हे क्रियापद येथे आले कोठून, हा प्रश्न चौकस मुलगा विचारतोच, आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. प्राचीन इंग्रजीत ‘हॅव’चा अर्थ ‘जवळ असणे’ हाच होता; ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे’ अशा धाटणीची ती रचना होती, आणि त्यातील ‘लिहिलेले’ हे कृदंत काही वेळा पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालत असे. मराठीत ‘मी पत्र लिहिले आहे’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, त्याच्याशी याचे साम्य विलक्षण आहे. पुढे शतकानुशतकांच्या वापराने मालकीचा अर्थ झिजला, शब्दांचा क्रम पालटला आणि ‘हॅव रिटन’ हे एकजीव क्रियारूप बनले. गतिवाचक धातूंच्या बाबतीत मात्र ‘हॅव’ न येता ‘ही इज कम’, ‘शी इज गॉन’ असे बोलण्याचा प्रघात इंग्रजीत बराच काळ टिकून होता. ‘ही इज कम’ म्हणजे शब्दशः आपले ‘तो आला आहे’. जर्मन आणि फ्रेंच भाषांनी हा प्रघात अद्याप सोडलेला नाही. इतकेच नव्हे, जर्मन माणूस पूर्ण वर्तमानाच्या रूपाशेजारी ‘काल’ हे पद खुशाल ठेवतो, आणि ‘मी येथे दहा वर्षांपासून राहतो’ हे आपल्यासारखेच साध्या वर्तमानात सांगतो. तेव्हा जर्मन मुलगा इंग्रजी शिकताना नेमक्या याच दोन ठिकाणी घसरतो. आपली भाषा यात एकाकी नाही. किंबहुना या विशिष्ट बाबतीत इंग्रजीनेच आपल्या भगिनीभाषांपेक्षा वेगळी वाट धरली आहे.

ज्या परंपरेने पाणिनी दिला त्या परंपरेतील माणसाला भूतकाळाचे सूक्ष्म भेद परके वाटू नयेत. पाणिनीने भूतकाळाची तीन रूपे वेगळी केली: सामान्य भूतासाठी लुङ्, आज न घडलेल्या म्हणजे अनद्यतन भूतासाठी लङ्, आणि बोलणाऱ्याच्या दृष्टीआड घडलेल्या परोक्ष भूतासाठी लिट्. पतंजलीने महाभाष्यात यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचे जे प्रसिद्ध उदाहरण दिले, ते या नियमाच्या काठावरचे आहे: घटना बोलणाऱ्याने पाहिली नाही, पण मनात आणले असते तर तो पाहू शकला असता, अशा ठिकाणी कोणते रूप वापरावे हा तो प्रश्न होता. संस्कृताने ‘आज की आजपूर्वी’ आणि ‘पाहिले की न पाहिले’ या कसोट्या लावल्या. इंग्रजी तिसरीच कसोटी लावते, काळाचे दार उघडे आहे की बंद. १९४७ साली हान्स रायशेनबाख या तर्कशास्त्रज्ञाने ही कसोटी तीन बिंदूंच्या साहाय्याने मांडली: उच्चाराचा बिंदू, घटनेचा बिंदू, आणि ज्या ठिकाणी उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो संदर्भबिंदू. साध्या भूतकाळात आपण घटनेजवळ जाऊन उभे राहतो. पूर्ण वर्तमानात आपण आजच्या जागेवरून न हलता मागे दृष्टी टाकतो. त्याच्या आकृत्या किचकट आहेत, पण आपण कोठे उभे आहोत हा प्रश्न दहावीच्या मुलालाही विचारता येतो.

ही ‘उभे राहण्याची जागा’ किती कठोर आहे हे मृत व्यक्तींविषयी बोलताना दिसते. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे १९४० नंतरच्या दशकात याच जिल्ह्यातील मारलावाई येथे राहिले, राजगोंडांचा त्यांनी अभ्यास केला आणि तेथे गोंड शिक्षकांना तयार करण्याचे कामही उभे केले. ते हयात असताना ‘हायमेनडॉर्फ हॅज लिव्ह्ड इन मारलावाई’ हे वाक्य अनुभव सांगणारे म्हणून चालले असते. १९९५ साली त्यांचे निधन झाल्यानंतर तेच वाक्य चालत नाही, तेथे ‘लिव्ह्ड’ एवढेच म्हणावे लागते, कारण ज्याच्या आयुष्याचा हिशेब मिटला त्याच्या खात्यात ‘आजपर्यंत’ हा कालखंडच शिल्लक राहत नाही. तद्वतच, १९४० साली जोडेघाटच्या परिसरात ज्याने देह ठेवला त्या कुमरम भीमाविषयी ‘फॉट अगेन्स्ट द निझाम’ म्हणायचे, ‘हॅज फॉट’ नव्हे. जिल्हा मात्र जिवंत आहे, म्हणून ‘द डिस्ट्रिक्ट हॅज बोर्न हिज नेम सिन्स २०१६’ हे वाक्य योग्य. कर्ता कोण आहे आणि तो आज आहे की नाही, याची चौकशी क्रियापद करते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितली जात नाही, आणि ती सांगितली जावी असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

‘गॉन’ आणि ‘बीन’ यांचा भेद त्या मानाने सोपा आहे, कारण तो मराठीत जसाच्या तसा आहे. ‘ही हॅज गॉन टू राजुरा’ म्हणजे तो राजुऱ्याला गेला आहे, अजून तिकडेच आहे; ‘ही हॅज बीन टू राजुरा’ म्हणजे तो राजुऱ्याला जाऊन आला आहे. शिवाय ‘मी राजुऱ्याला गेलेलो आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या ‘गेलेलो’मध्ये पूर्वानुभवाची जी छटा उमटते, ती इंग्रजीत ‘हॅव बीन’ने व्यक्त होते. मराठीतील या तीन रूपांचा आधार घेऊन शिकविले तर मुलाला पाठांतराची गरज उरणार नाही.

आता अखंड पूर्ण वर्तमान, म्हणजे ‘हॅव बीन’च्या पुढे ‘-इंग’ लागलेले रूप. आसिफाबादच्या भागात कापसाचे पीक मोठे असल्यामुळे वेचणीच्या दिवसांतील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. बाई संध्याकाळी घरी येते. बोटांच्या पेरांवर बोंडाच्या वाळलेल्या टोकांचे ओरखडे आहेत, लुगड्याला सरकीचे तंतू चिकटले आहेत. तिला पाहून इंग्रज शेजारीण विचारील, ‘हॅव यू बीन पिकिंग कॉटन?’ येथे किती कापूस वेचला हा प्रश्न नाही, काम संपले की नाही हाही नाही. जे काम आत्तापर्यंत चालले होते त्याच्या खुणा अंगावर दिसत आहेत, आणि त्या खुणांवरून कामाच्या अखंडतेकडे बोट केले आहे. पण मजुरी वजनावर ठरते, म्हणून मालक विचारील तो प्रश्न वेगळा: ‘हाऊ मच कॉटन हॅव यू पिक्ड?’ आणि उत्तर येईल, ‘आय हॅव पिक्ड फॉर्टी किलोज’. माप, वजन किंवा संख्या सांगायची असेल तर ‘-इंग’चे रूप चालत नाही; ‘आय हॅव बीन पिकिंग फॉर्टी किलोज’ हे अशुद्ध आहे. वेळ सांगायची असेल तर मात्र तेच रूप शोभते: ‘आय हॅव बीन पिकिंग सिन्स मॉर्निंग’. एकाच शेतातील, एकाच दिवसाच्या, एकाच कामाची ही दोन वाक्ये आहेत; एक काम किती वेळ चालले ते दाखवते, दुसरे ढिगाकडे पाहते.

मराठीत या रूपाला जवळचा प्रतिशब्द नाही असे जे समजले जाते ते बरोबर नाही. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत ‘मी रोज फिरायला जात असतो’ अशा रीतिवर्तमानालाच ‘चालू पूर्ण वर्तमानकाळ’ हे नाव दिलेले आढळते, आणि त्यामुळे मोठा घोटाळा होतो. ‘जात असतो’ ही सवय आहे, आणि इंग्रजीत तिला साधा वर्तमानकाळच हवा. खरी जुळणारी रचना ‘-त येणे’ ही आहे. केरामेरी मंडल आणि जिवती तालुका यांच्या सीमेवरील परमडोली, मुकदमगुडा आदी गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण अशी दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. या ‘सांगत आली आहेत’चे इंग्रजी ‘हॅव बीन क्लेमिंग’ असे होते, आणि दोन्हींत आरंभ मागे, ओघ चालू आणि टोक आजच्या दिवसाला टेकलेले असा एकच आकार आहे. शिक्षकांनी ‘करत आलो आहे’ या पायरीवरून मुलांना वर चढवावे.

काही धातू मात्र ‘-इंग’ला दाद देत नाहीत. जाणणे, मालकीचे असणे, आवडणे, विश्वास असणे या क्रियांत हालचाल नसते, केवळ स्थिती असते. म्हणून ‘आय हॅव नोन हिम फॉर इयर्स’ म्हणावे, ‘हॅव बीन नोइंग’ म्हणू नये. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा गोंधळ तर आपल्या ‘पासून’मुळेच होतो, कारण आपण ‘२०१६पासून’ही म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत आरंभाचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, कालावधीची लांबी सांगायची तर ‘फॉर’. ‘गेली दहा वर्षे’ असे मराठीत रूपांतर करून पाहावे. ते जमले तर ‘फॉर’ वापरावा, न जमले तर ‘सिन्स’. आणखी एक खळगा नकारार्थी वाक्यात असतो. ‘दोन वर्षांत तो भेटला नाही’ यात मराठी क्रियापद साध्या भूतकाळाचे आहे, पण न भेटण्याची ती दोन वर्षे आजपर्यंत येऊन पोहोचली आहेत, म्हणून इंग्रजीत ‘आय हॅव नॉट मेट हिम फॉर टू इयर्स’ असेच म्हणावे लागेल.

या रूपांचा सराव करण्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रासारखे साधन नाही. बातमीचे पहिले वाक्य बहुधा पूर्ण वर्तमानात असते आणि तारीख येताच दुसरे वाक्य साध्या भूतकाळात उतरते: ‘द गव्हर्न्मेंट हॅज सँक्शन्ड अ बिल्डिंग फॉर द स्कूल. द ऑर्डर वॉज इश्यूड ऑन मंडे.’ हा उतार कोठे सुरू होतो ते पेन्सिलीने खूण करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. ऐकताना अडचण निराळी आहे. बोलण्यात ‘आय हॅव’ आकुंचित होऊन नुसते ‘आय्‌व्ह’ उरते, ‘ही हॅज’चे ‘हीज’ होते, आणि तो पुसटसा ध्वनी कानातून निसटला की सगळे वाक्य साध्या भूतकाळासारखे भासते. त्यात अमेरिकन वक्ता ‘डिड यू ईट येट?’ असे साध्या भूतकाळातच विचारतो, जेथे इंग्लंडातील माणूस ‘हॅव यू ईटन येट?’ म्हणेल. चित्रपटांतून आणि मोबाइलवरून ही अमेरिकन धाटणी आता आसिफाबादच्या मुलांच्या कानी पडतच असते; ती अशुद्ध मानण्याचे कारण नाही, परंतु आपल्या शाळा आणि परीक्षा ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीवर चालत आल्या असल्यामुळे, ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ हे शब्द प्रश्नपत्रिकेत दिसले की उत्तरात पूर्ण वर्तमानाचे रूप लिहावे.